दुसरा गिअर

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो दामले मास्तरांचा. बी.ए. होऊन मला कल्याणला फिरतीची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी आपली जुनी मोटरसायकल मला देऊन टाकली. महिन्याभरात तिचा दुसरा गिअर सारखा सुटू लागला. “गिअरबॉक्स संपला, भंगारात घाला,” असं एका गॅरेजवाल्याने सांगितलं. आता मास्तरांना काय तोंड दाखवायचं, या काळजीने मी शहाडला गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो.

मी त्यांच्याकडे पुढे कितीदा तरी गेलो, पण नाव विचारायचं राहिलंच. पान्याला हात लावण्याआधी ते मालकाला गाडी चालवायला लावत आणि खोक्यावर बसून गाडी सोडून मालकाकडेच पाहत राहत. त्या पहिल्या दिवशी मीही एक चक्कर मारून आलो.

“साहेब, बूट नवे का?”

“हो. नोकरी लागल्यावर घेतले. पहिलेच.”

“काढा. आता चालवा.”

मी अनवाणी नदीपर्यंत जाऊन आलो. गिअर एकदाही सुटला नाही.

“जाड बूट गिअरच्या दांड्यावर टेकतोय, तुम्हाला समजत नाय,” ते हसले. “गाडीला काय झालंय? मालक साहेब झालाय!”

मग पाना घेऊन त्यांनी दांडा जरा खाली बसवला आणि माझ्या बुटाला जागा करून दिली.

त्याच दिवशी मी मास्तरांना पत्र टाकलं : “गाडी उत्तम आहे. रविवारी घेऊन येतो. तुम्ही मागे बसा.”