तिसऱ्या क्रमांकाचं घर

एलादिओ ब्रिसेन्यो दिवसाला नऊ घरं करायचा आणि नऊ कप कॉफी प्यायचा.

कॉफी पिणं त्याच्या कामात कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते एवढंच: मोटरसायकलला लशींची थंडपेटी बांधायची, पाठीवरच्या पिशवीत वजनकाटा, रक्तदाबाचा पट्टा आणि साखर मोजायचं यंत्र घ्यायचं, आणि निकोयाच्या डोंगरातली आपल्या वाट्याची तीनशे घरं पालथी घालायची. कोण गरोदर आहे, कुणाच्या पोराची लस राहिली, कुणाच्या अंगणात पाणी साचलंय, कोण मिठाचा हात आखडत नाही, सगळं त्या त्या घराच्या फाइलीत लिहायचं. साऱ्या कोस्टा रिकात हे काम असंच चालतं. डॉक्टर आरोग्य केंद्रात बसतात, आणि आजार अजून लहान असतो तेव्हाच त्याला दारात गाठायला एलादिओसारखी माणसं फिरतात.

पण दार उघडतं ते कॉफीनं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका घरी तो "नको, आत्ताच झाली" म्हणाला होता. घरची बाई कप तसाच आत घेऊन गेली. पुढचे आठ महिने एलादिओ आला की ते घर रिकामं असायचं. आत रेडिओ वाजायचा, चुलीचा धूर निघायचा, पण घर रिकामं. त्या भानगडीत त्यांच्या धाकटीची गोवराची लस राहून गेली. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. कापडी गाळणीतून उतरलेली काळी कॉफी, तीन चमचे साखर, सोबत मका आणि चीजच्या कडक कड्या, म्हाताऱ्यांच्या घरी गुळाचं गरम पाणी. समोर येईल ते तो घ्यायचा आणि घेता घेता सांगायचा, "आजी, साखर कमी करा."

"आणि तू ढवळतोयस ते काय रे?" क्लोतिल्दे आजी विचारायची. ती ब्याण्णव वर्षांची होती आणि कुणाला सोडायची नाही.

"ही सरकारी साखर आहे आजी. कामावरची. ती लागत नाही अंगाला."

लोक हसायचे, आणि हसता हसता ऐकायचेही. त्याचं ठरलेलं भाषण होतं. "दवाखान्यात कुणी दारात पैसे मागत नाही म्हणून फुकट समजू नका. तुमच्या जावयाच्या पगारातून दर महिन्याला कापून जातात, ते कुठं जातात? आपण इथं गोडावर ताव मारायचा, आणि आपले डोळे, पाय, मूत्रपिंडं दुरुस्त करायला साऱ्या देशानं वर्गणी काढायची! शेजाऱ्याच्या पाकिटात हात घातल्यासारखंच आहे ते." बावीस वर्षांत त्यानं याच भाषणावर कित्येक घरांतली चिंचेच्या सरबतातली साखर अर्ध्यावर आणली होती.

प्रत्येक घराला एक क्रमांक असायचा. पहिल्या क्रमांकाचं घर म्हणजे जिथं धोका आहे, तिथं वर्षातून तीनदा जायचं. दुसऱ्याला दोनदा. तिसऱ्या क्रमांकाचं घर म्हणजे सगळं आलबेल, तिथं एकदा गेलं तरी पुरे. आता गंमत अशी की एलादिओचं स्वतःचं घरही त्याच्याच वाट्याला होतं. ते कोण तपासणार? तोच. दर जानेवारीत जेवणाच्या टेबलावर तो आपली फाइल उघडायचा, स्वतःला विचारायचा आणि स्वतःच लिहायचा. जुना आजार: नाही. क्रमांक: तीन. बायको मार्लेन शेजारी बसून घेवडा निवडत असायची. "माझं वजन पाच किलोनं कमी लिहा हो," एवढंच ती म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात त्याला तहान लागायला लागली. उन्हाळाच तो, वाऱ्यानं अख्ख्या रस्त्याची धूळ तोंडात जाते, तहान लागणारच. मग दोन घरांच्या मध्ये मोटरसायकल थांबवून झाडाआड जावं लागायला लागलं. एकदा, दोनदा, पुढे तीनदा. पाणी जास्त पितो, तर ते जाणारच की. पँट ढिली झाली. मार्लेननं पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडून दिलं आणि म्हणाली, "बारीक होताय. दुसरी कुणी बघितली की काय?" मग उजव्या पायाची दोन बोटं बूट घातल्यावर मुंग्यांनी भरल्यासारखी व्हायला लागली. त्याला त्यानं बुटाचं कारण दिलं.

दुसऱ्या कुणी ही चार लक्षणं सांगितली असती, तर एलादिओनं त्याला कॉलर धरून केंद्रात नेलं असतं. साखरेचं यंत्र तर चोवीस तास त्याच्या पाठीवर होतं. पण ते यंत्र प्रत्येक आकडा लक्षात ठेवायचं, आणि महिनाअखेरीला केंद्रातल्या संगणकाला जोडलं की तारखेसकट सगळं बाहेर ओतायचं. चोरून मोजायची सोय नव्हती. निदान स्वतःला तरी तो हेच सांगायचा. खरं कारण निराळं होतं. त्याचा थोरला भाऊ रुफिनो मधुमेहानं मूत्रपिंडं गेल्यामुळं दोन वर्षांपासून डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा गाडीनं शहरात, चार तास खुर्चीत, मग परत. शेती सुटली, घोडा विकला. "खुर्ची कशी आहे?" असं कुणी विचारलं की रुफिनो म्हणायचा, "छान आहे. मऊ आहे. फक्त उठू देत नाही." एलादिओला त्या खुर्चीचं भय होतं. आकडाच नसेल तर खुर्चीही नाही, असा काहीतरी त्याचा हिशेब असावा.

मार्चमध्ये केंद्रात नव्या डॉक्टरबाई आल्या. ग्रेतेल त्यांचं नाव, वय जेमतेम तिशीचं. पहिल्याच बैठकीत त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले, एक मोठा आणि एक बारका. "उशिरा सापडलेल्या आजारावर जातो तो हा पैसा," त्या मोठ्या चौकोनावर खडू आपटत म्हणाल्या, "आणि हा बारका म्हणजे आपण. तुमच्या मोटरसायकली, लशी, माझा पगार, सगळं धरून. बारक्यानं काम नीट केलं तरच मोठा आटोक्यात राहतो. म्हणून या महिन्यात घरांची अदलाबदल करायची. रोज बघतो ते माणसाला दिसेनासं होतं. एलादिओभाऊंची घरं शेजारच्या भागातल्या सिनियाताई बघतील, त्यांची एलादिओभाऊ."

एलादिओनं घाईनं हात वर केला. "माझं घर वगळलं तरी चालेल, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "तिसऱ्या क्रमांकाचं आहे. कशाला सिनियाचं पेट्रोल जाळायचं?"

"तुमच्याच भाषणात आहे ना, देशाची वर्गणी?" डॉक्टरबाई हसल्या. "मी ऐकलंय ते. जळू दे पेट्रोल."

सिनिया मातारिता एका मंगळवारी दुपारी आली. पन्नाशीची, ठेंगणी, आवाज चर्चच्या घंटेसारखा. एलादिओ त्या वेळी मुद्दाम मागच्या अंगणात कुंपणाला तार बांधत होता. मार्लेननं खुर्ची पुढं केली, कॉफीचं पातेलं ठेवलं.

"मला बिनसाखरेची हो," सिनिया म्हणाली. "मला मधुमेह आहे."

"अगं बाई! कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. घरोघर सांगते मी, सुटते एकदाची. तुला गंमत सांगू? मी असं म्हटलं की घरचे लोकही माझ्यासोबत बिनसाखरेची पितात. पाहुणीला कडू देऊन आपण गोड कसं प्यायचं? लाजतात बिचारे." मग तिनं मागच्या दाराकडं तोंड करून आवाज चढवला. "एलादिओ! तार पळून जात नाही. ये इकडं!"

तो आला. तिनं वजन घेतलं, जुना आकडा बघितला, पुन्हा एकदा वजन घेतलं. "अकरा किलो कुठं सांडलेस?"

"फिरतो ना मी."

"मीपण फिरते. माझं एक किलो उतरत नाही." तिनं यंत्र काढलं. "बोट दे."

"आत्ताच जेवलोय. आकडा चुकेल."

"ही थाप मी रोज नऊ घरी ऐकते. बोट दे म्हणते ना."

मार्लेनच्या हातातलं फडकं थांबलं होतं. एलादिओनं बोट दिलं. यंत्रानं पाच सेकंद मोजले आणि तीनशे बारा दाखवले.

मग एलादिओ खालच्या आवाजात म्हणाला, "सिनिया, लिहू नकोस. पुढच्या आठवड्यात मी स्वतः जातो डॉक्टरबाईंकडं. शब्द देतो."

"पोरा, यंत्रानं लिहिलंसुद्धा." तिनं फाइल उलटी केली, मागची पानं चाळली. दरवर्षी त्याच वळणदार अक्षरात तेच उत्तर. जुना आजार: नाही. "बावीस वर्षं पाद्रीबुवा दुसऱ्यांची पापं ऐकत बसले, आणि स्वतःची कबुली द्यायला गेलेच नाहीत!"

मार्लेन ओरडली नाही. ती नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी पट्ट्याला भोकं पाडत होते. तुम्ही मला भोकं पाडू दिलीत." एलादिओला हे तीनशे बारापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात त्याचं रक्त काढलं, लघवी घेतली. मूत्रपिंडांचं काय ते आठवड्यानं कळणार होतं. तो आठवडा एलादिओनं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. सिनियाच्या घरांना भेटी देताना त्याच्या डोळ्यांपुढं ती मऊ खुर्ची यायची. लपवायला तर काही उरलंच नव्हतं. गावात बातमी त्याच्या मोटरसायकलच्या आधी पोचायची. ज्या घरात तो पूर्वी कधी गेला नव्हता, तिथली बाईसुद्धा म्हणाली, "या, साखरवाले या!" तंबाखू चघळणारा एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे तुलाही होतो? मग मला झाला तर त्यात काय मोठंसं." आणि आपलं बोट आपणहून पुढं केलं. चार वर्षं त्यानं सिनियाला यंत्र बाहेर काढू दिलं नव्हतं.

रविवारी रुफिनो भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "शेजारची खुर्ची रिकामी आहे. ठेवू का धरून?" एलादिओला हसूही येईना, रडूही येईना. मग थोरल्यानं त्याच्या मानेवर हात ठेवला. "गाढवा," तो म्हणाला, "माझ्याकडं कुणी परक्यानं घरी येऊन बोट मागितलं असतं तर? मी तर तुला दारातनं परत पाठवायचो. भावाला कोण दाखवतं आपलं रक्त?" एलादिओला आठवलं. रुफिनोच्या फाइलीतही त्यानंच लिहिलं होतं, न मोजता, भावाच्या शब्दावर: तीन.

बुधवारी मार्लेन त्याच्यासोबत केंद्रात आली. डॉक्टरबाईंनी कागद समोर ठेवला आणि पेन्सिलनं एकेक ओळ खाली सरकत गेल्या. तीन महिन्यांची साखर वाईट. चरबी वाईट. मग पेन्सिल थांबली.

"मूत्रपिंडं स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "लघवीत प्रथिनं नाहीत. डोळ्यांचे फोटो काढायचे आहेत, पण वरवर तरी ठीक दिसतंय. पायाची दोन बोटं थोडी बधिर आहेत, तीही साखर उतरली की बरीचशी परत येतील."

"म्हणजे खुर्ची..." एलादिओचं वाक्य पुरं होईना.

"कसली खुर्ची? गोळ्या घ्यायच्या, रात्रीचा भात अर्धा करायचा, आणि फिरता तुम्ही आधीच. अजून एक-दोन वर्षं असंच चाललं असतं तर मात्र हा कागद मला वाचवला नसता." त्यांनी डोळे वर केले. "त्या दिवशी फळ्यावर मी मोठा चौकोन काढला ना? त्यातून आज एक माणूस कमी झाला. पेट्रोल वसूल."

मार्लेननं टेबलाखाली त्याचं मनगट धरलं होतं. ते तिनं आत्ता कुठं सोडलं, आणि मग भर दवाखान्यात एवढी मोठ्यानं हसली की नर्सनं दारातून डोकावून बघितलं. एलादिओ उठला. आठवडाभर छातीवर कुणी धान्याचं पोतं ठेवलं होतं, ते उतरल्यासारखं झालं. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं छाती भरून श्वास घेतला. मग रुफिनोला फोन लावला. "धरून ठेवू नकोस," एवढंच बोलू शकला तो. पलीकडून भाऊ शिवी हासडून हसला, आणि मग बराच वेळ नुसता त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला.

औषधाच्या खिडकीसमोर सतरा माणसांची रांग होती. एरवी एलादिओ बाजूच्या दारानं आत जायचा, कर्मचारी म्हणून. आज त्यानं कागदी टोकन घेतलं आणि बाकावर जाऊन बसला. शेजारी त्याच्याच भागातला उसाच्या मळ्यावरचा मुकादम होता; आठवडाभर मळ्यावरच असल्यानं त्याच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती.

"कुणाचं औषध न्यायला आलात, भाऊ? कोण आजारी?"

"मी," एलादिओ म्हणाला. "माझंच आहे. मधुमेह." शब्द तोंडातून बाहेर पडला आणि काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही, कुणी मान वळवून बघितलं नाही.

मुकादम थोडा सरकला, कानाशी आला. "ती झाडाआड जायची भानगड... तुम्हालाही होती का?"

एलादिओनं त्याच्याकडं नीट बघितलं. ओठ कोरडे, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. "टोकन खिशात ठेवा," तो म्हणाला, "आणि चला माझ्याबरोबर. आत्ता. सिनिया आतच आहे."

"माझा नंबर जाईल हो!"

"मी धरते," मार्लेन म्हणाली, आणि दोघांच्या जागांवर पर्स आणि टोपी ठेवून पाय लांब करून बसली.