ओ देणारं कोणी नसावं

आपल्या घरी पाच जणी राहतात, असं ईशाननं स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना एकदा हसत हसत सांगितलं होतं. मुलीचे मामा हसले नाहीत. चहाचा कप अर्धा ठेवून ते उठले आणि ते स्थळ तिथंच संपलं. त्याला आठ वर्षं झाली. पुढं स्थळं येईनाशी झाली, ईशानला सदतिसावं लागलं, पण अकोल्याला जठारपेठेत एकट्या राहणाऱ्या त्याच्या आईच्या, अदितीबाईंच्या डोळ्यांसमोरून तो अर्धा कप काही हलेना.

पाच जणी म्हणजे पाच कॉम्प्युटर. ईशान अमरावतीत एका खासगी कॉलेजात लॅब असिस्टंट होता. साईनगरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं भाड्याचं घर. भंगारात निघालेलं मशीन उचलून आणायचं, उघडायचं, धूळ झटकायची, एकीचा पंखा दुसरीला लावायचा आणि धुगधुगी आली की तिला नाव द्यायचं, हा त्याचा छंद. माणसांशी तो मोजकं बोले. रोज रात्री आठला आईला फोन करी.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

"बरं."

एवढ्यावर फोन संपे. अदितीबाईंना मात्र त्यानंतरच बोलायचं सगळं आठवे.

यंदा मार्चात तो फोन दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गॅसचं बटण तीनदा तपासलं, कुलूप ओढून पाहिलं, मूर्तिजापूरपर्यंत एसटीत उभ्यानं प्रवास केला आणि ऊन डोक्यावर यायच्या आत साईनगरात पोचल्या. ईशान चादर डोक्यावरून घेऊन पडला होता. टायफॉइड.

"सांगायचं नाही का रे?"

"तू घाबरली असतीस."

"मग आता काय मी नाचून राहिली?"

पुढचे पंधरा दिवस मऊ भात आणि मुगाचं वरण. ईशानला उठवत नव्हतं, त्यामुळं मशीनपाशी जायचं कामही आईकडंच आलं. "आई, बेबीचा दिवा कोणता आहे, हिरवा का लाल?" "पिंकी वाजली, नळ आले बघ." पिंकी म्हणजे स्वयंपाकघरात पाइपाशेजारी टांगलेलं तळहाताएवढं कार्ड. एक दिवसाआड नळाला पाणी आलं की ते टिवटिव करी. बेबी गाणी वाजवी, साधना बाकीच्यांच्या नकला ठेवी, कौशल्येच्या पोटात घरातले सगळे फोटो होते. आणि टेबलाखाली, पिवळट पडलेल्या डब्यात, मनकर्णा. गच्चीवरचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहून ठेवायचं, एवढंच तिचं काम. अकरा वर्षं करत होती.

पहिल्यांदा त्यानं ते नाव घेतलं तेव्हा अदितीबाईंच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली.

मनकर्णा त्याच होत्या. तेल्हाऱ्याच्या शाळामास्तरांची मुलगी मनकर्णा. आजीचं नाव ठेवलेलं. वर्गातल्या मुली त्या नावावरून इतक्या चिडवत की लग्नात नाव बदललं तेव्हा त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं झालं होतं. ताटात तांदूळ पसरले होते. वसंतरावांनी अंगठीनं त्यात 'अदिती' लिहिलं. नव्या नवलाईचं, शहरी नाव. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाचा भात लावला. नाव पोटात गेलं आणि बसलं.

"कुठून शोधलंस हे?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवरून. कौशल्या म्हणजे आजीचं माहेरचं नाव. साधना काकूचं. बेबी आत्याचं, आणि पिंकी चुलतबहिणीचं, तिलाही सासरी बदलावं लागलं." तो उशीला टेकून बसला. "आम्हा लोकांना नावांची टंचाई असते आई. एका माळेतली नावं पाहिजेत, लहान पाहिजेत, आणि पुढं पाच-सात मशीन आणली तरी पुरली पाहिजेत. आपल्या घरात एवढी चांगली नावं नुसती पडून होती."

"अन् डबा बदलला तर? पंखा बदलला, सगळंच बदललं, तर नाव कुणाचं?"

ईशान खुलला. असा प्रश्न त्याला कॉलेजातही कुणी विचारला नव्हता. "डिस्क जिकडं जाईल तिकडं नाव. आत जे आठवून ठेवतं ते तिचं. डबा काय, कुणाचाही."

"आमचं उलटं झालं," अदितीबाई म्हणाल्या. "आत सगळं तसंच राहिलं. नावच बदललं."

त्यांनी वरण ढवळलं.

रविवारी अकराला ईशानच्या मित्रांचा व्हिडिओ कॉल असे. मित्र म्हणजे असेच घरोघरी मशीन पाळणारे लोक. त्या रविवारी ईशाननं आईलाही समोर बसवलं. चांदूर रेल्वेचा गजेंद्र मशीनांना बडनेऱ्यापासूनच्या स्टेशनांची नावं ओळीनं ठेवी. "टिमटाळा झालं, मालखेड झालं, चांदूर झालं, आता दीपोरी चालू हाये काकू. बायको म्हनते, पुलगाव आलं की तुमालेच उतरवून देतो!"

अंजनगाव सुर्जीचे पंजाबराव शेतीखात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढं. त्यांच्या मशीनांना त्यांच्या वडिलांच्या बैलांची नावं. "ताई, तुमी नवीन आहा म्हनून सांगतो," ते पडद्याजवळ येऊन म्हणाले. "आमचा एकच कायदा हाये. ज्या नावाले घरातलं कोनी ओ देईन, ते नाव मशीनले ठेवाचं नाई. म्या एकाचं नाव राजा ठेवलं होतं. नातवाले बी लाडानं राजाच म्हनतात. एक दिवस म्या फोनवर म्हटलं, राजा लय तापून राहिला, त्याले खोलून पाहा लागते. सून तिकडून रडतच आली ना!"

सगळे हसले. अदितीबाईही हसल्या.

"मग बदललं का नाव?" त्यांनी विचारलं.

"बदललंच. मानूस कसा नाव बदलन? मशीननंच बदलावं."

माणूस बदलतो की, त्यांच्या मनात आलं. बाईमाणूस बदलतं. पण पंजाबराव भले होते, बोलायची ती वेळ नव्हती.

ईशानला बरं वाटू लागलं तशी अदितीबाईंची झोप उडाली. तापात होता तोवर त्यांना या घरात जागा होती. आता तो स्वतः उठून पाणी घेई, ताट धुई. मनात एकच गोष्ट घोळत होती: इथंच राहू का, हे त्याला विचारायचं. जठारपेठेतल्या घरात चार वर्षं, वसंतराव गेल्यापासून, सकाळी सातला दूधवाला आला की रात्री आठच्या फोनपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. पण विचारायचं कसं? तो हो म्हणेल, यातच भीती होती. ईशान कुणालाही नाही म्हणत नसे. भिडेपोटी हो म्हणेल आणि मग आपल्याच घरात पाहुण्यासारखा वावरेल. त्यापेक्षा त्यानं आपणहून म्हणावं. तो म्हणत नव्हता.

"तिकडं घराला कुलूप किती दिवस ठेवायचं," त्यांनी एकदा हवेत सोडून पाहिलं.

"हो, तेही आहेच," तो म्हणाला.

झालं. शुक्रवारी निघायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी वीज गेली. तास-दीड तासानं आली, आणि ईशान पहिल्यांदाच स्वतः उठून मशीनपाशी गेला. वीज आली की तो एकेकीच्या दिव्याकडं बघून हजेरी घेई. पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता.

"कौशल्या, आहे. साधना, आहे. बेबी... उठ बाई, उठ. आहे. पिंकी... दारातून दिसतेय, आहे." मग टेबलाखाली वाकल्याचा आवाज. "मनकर्णा?"

"ओ," अदितीबाई म्हणाल्या.

त्या भाकरी थापत होत्या. आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं. परातीत हात तसेच राहिले. त्यांना त्या नावानं शेवटची हाक थोरल्या भावानं मारली होती, तो करोनात गेला. 'अदिती' म्हणणारे वसंतराव गेले. उरल्या त्या काकू, आई, बाई, आजी. आणि हा 'ओ' इतकी वर्षं आत कुठं बसून होता कोण जाणे. वर्गातल्या हजेरीला निघावा तसा निघाला होता.

ईशान दाराशी आला. हातात स्क्रूड्रायव्हर. त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"तिचा दिवा लागत नाही," तो म्हणाला.

"मग बघ ना तिच्याकडं," त्या म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली.

संध्याकाळपर्यंत तो टेबलाखालीच होता. मनकर्णा सुरू झाली. गच्चीवर एक्केचाळीस अंश. दुपारपासूनची नोंद तेवढी कायमची कोरी राहिली. शुक्रवारी तो त्यांना स्टँडवर सोडायला आला, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. "पोचलीस की फोन कर."

"तू औषध वेळेवर घे."

"हो."

एसटी निघाली.

जठारपेठेत सगळं होतं तसंच होतं. ओट्यावर धूळ, फडताळात दोन कप. दूधवाल्याकडून त्या अजून अर्धा लिटरच घेत. पाव लिटर घेतलं तर घरात एकच माणूस उरल्यासारखं होईल, म्हणून. रोज निम्मं विरजण लावत, आणि रोज दही उरे. आठचा फोन पुन्हा सुरू झाला. जेवलीस? हो. बरं.

अकराव्या दिवशी फोन दुपारी तीनला वाजला. अदितीबाईंनी तो धावतच उचलला. ताप उलटला. पडला कुठं तरी.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही. मनकर्णाचं नाव बदललं."

त्या खाली बसल्या. ताप नव्हता, हे आधी कळलं. बाकीचं हळूहळू. अवघ्या जगात एका डब्यावर ते नाव होतं, रोज कुणी तरी ते घेत होतं. तेही पुसलं याच्यानं.

"बिघडली का?"

"नाही. चांगली चालू आहे. सध्या नंबर दिलाय नुसता."

"मग काहून बदललं?" आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा चढला. "एवढं चांगलं नाव होतं म्हणत होतास."

ईशान घरात वऱ्हाडी फारशी बोलत नसे. ती त्याच्या तोंडी दोनदाच यायची, मशीन अडलं की आणि लाज वाटली की.

"कायदा हाये ना आई आमचा. घरात त्या नावाले ओ देनारं मानूस असलं, त मशीनले ते नाव ठेवता येत नाई."

"पण मी कुठं आहे रे तुझ्या घरात?"

"तेच त इचारून राहिलो."

खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक गेली. ईशाननं आपणहून म्हणावं असं अदितीबाईंना वाटत होतं. म्हणाला होता. अकरा दिवस लावले होते, आणि बोलायच्या आधी जाऊन नाव काढून आला होता, म्हणजे भिडेचा प्रश्न नको.

"आतली खोली मोकळी केली," तो म्हणाला. "चौघींना बाहेर हलवलं. पिंकी स्वयंपाकघरातच राहील, नळाचं काम आहे तिला."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू जेवलास?"

"तीन वाजलेत आई."

"हो, हो."

फोन ठेवल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आता ते नाव मोठ्यानं घेणारं कुणी राहिलं नाही. मशीनचं गेलं, आणि ईशान काही त्यांना नावानं हाक मारणार नव्हता. त्याला त्या आईच. साईनगरातही आईच, काकूच. त्यांनी तो हिशेब पत्करला.

मग दूधवाल्याला फोन लावला.

"परवापासून दूध बंद कर रे."

"गावाले चालल्या का काकू? किती दिवस?"

एरवी त्या दिवस मोजून सांगत, वर परतायच्या एक दिवस आधी आठवण करून देत.

"मी सांगीन तेव्हा," त्या म्हणाल्या.