पात्रयोजना (अंतिम)

माझ्या कादंबरीतली चेटकीण म्हणजे माझ्या सासूबाई, हे मी दोन वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मला सासरी, आंबी गावात राहणं मुश्कील झालं असतं. माहेर तळेगावातच आहे म्हणा, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बॅग घेऊन माहेरी जाऊन बसणं बरं दिसत नाही.

कादंबरी अद्भुत होती. म्हणजे प्रकाराने अद्भुत, दर्जाचं मी कशाला सांगू. तिच्यात एक राणी होती, सेनापती होता, शंभर वर्षांतून एकदा बोलणारा दगड होता आणि खिंडीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणारी एक चेटकीण होती. ही चेटकीण कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायची, ढगांना शिव्या द्यायची आणि कुणी चोरून गूळ खाल्ला तर वीस पावलांवरून वासाने ओळखायची. वाचकांना ती फार आवडली. मी शाळेत मराठी शिकवते. तिथल्या एक बाई म्हणाल्या, काय कल्पनाशक्ती आहे हो तुमची. मी आभार मानले. कल्पनाशक्ती कसली डोंबलाची. लग्न होऊन आठवडा झाला होता, गुळाचा खडा तोंडात टाकून मी परसात उभी होते आणि सासूबाईंनी आतून विचारलं होतं, गूळ पुरला का गं.

घरात तसा धोका नव्हता. सासूबाईंना वाचता येत नाही. नवरा कंपनीत सेकंड शिफ्टला असतो. पुस्तक आलं तेव्हा त्याने ते हातात घेतलं, खालीवर केलं आणि "जाड आहे" एवढं म्हणाला. आमच्या घरात एवढंच परीक्षण छापून आलं.

मग एक दिवस लोणावळ्याच्या तुंगार्लीहून फोन आला. तिथे तळ्याजवळ बंगल्यात एक गृहस्थ राहत होते, जन्मभर सिनेमाच्या धंद्यात काढलेले. पुस्तक त्यांना लोणावळ्यात कुणाकडे तरी मिळालं होतं. यावर पिक्चर होऊ शकतो, म्हणाले. रविवारी या, आणि येताना पात्रयोजना आणि वेशभूषा लिहून आणा. मी म्हटलं, नट-नट्यांतलं मला काय कळतंय. तर म्हणाले, नट माझ्यावर सोडा, लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते लिहा. खरी माणसं लिहा, म्हणजे मला चेहऱ्यांचा अंदाज येईल.

खरी माणसं म्हटल्यावर मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण "पिक्चर" हा शब्द असा आहे की नकार टिकत नाही.

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे पडले होते, ते तसेच पडून राहिले. मेथी निवडता निवडता मी राणीला शालू नेसवत होते. राणी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कारण त्या जिना उतरताना कुणाकडेही बघत नाहीत. शालूवर त्यांना मखमली झगा दिला, मागे चार हात लोळणारा. मग वाटलं त्याच जिन्यावर पाय अडकून पडतील, म्हणून दोन हात केला. सेनापती म्हणजे गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मिशी तयारच होती. त्यांना ढाल, घोडा आणि चिलखत दिलं, आणि कंसात लिहिलं, "पोटाला ढिलं". बोलका दगड म्हणजे आमचे हे. त्यांच्या वेशभूषेच्या रकान्यात "आहे तीच" लिहून मी पुढे गेले.

चेटकिणीपाशी मात्र अडले. पुस्तकात मी तिला काळं लुगडं आणि अस्वलाचं कातडं दिलं होतं, ओळखू येऊ नये म्हणून. पण आता प्रश्न पिक्चरचा होता. भीतीपोटी खोटं लिहून मी माझाच पिक्चर पाडायचा का? नावं मी कुणाचीच लिहिली नव्हती, तेवढी अक्कल शिल्लक होती. मी लिहिलं: चेटकीण – आमच्या सासूबाई (हुबेहूब) – हिरवं लुगडं, कंपनीचं जर्किन, कानटोपी. हा आठवा कच्चा खर्डा होता, म्हणून वर मथळा दिला, "पात्रयोजना (अंतिम)".

शुक्रवारी शाळेतून येताना गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. दुकानवाला भला माणूस. ऑनलाइन फॉर्म भरून देणं हे त्याचं मुख्य काम. पहिली प्रत शाईने बरबटली, ती त्याने बाजूला ठेवली आणि मला दोन चांगल्या दिल्या. मी घरी आले. मागे त्याने ती बरबटलेली प्रत वाचली. "पात्र" म्हटलं की आपल्याला नाटक आठवतं, त्याला लाभार्थी आठवतो. पात्र, योजना आणि वर अंतिम. त्याने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, नवीन योजनेची पात्र यादी आली आहे, आधार कार्ड घेऊन येणे.

मी त्या ग्रुपचे मेसेज कधी उघडत नाही. ते शनिवारी मला महागात पडलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी स्कूटरवरून येते तर झेरॉक्सच्या दुकानापुढे ही गर्दी. आंबीतल्या झाडून सगळ्या सासवा, प्रत्येकीबरोबर तिची सून, आणि प्रत्येक सुनेच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. दुकानवाला स्टुलावर उभा राहून समजावून सांगत होता. चेटकीण ही टायपिंगची चूक आहे, ते मुळात "शेतकरीण" आहे, वरूनच चुकून आलंय. योजना शेतकरीण सासवांसाठी आहे. हुबेहूब म्हणजे कार्डावरचा फोटो चेहऱ्याशी जुळला पाहिजे, न जुळल्यास नवा काढावा. तिसऱ्या रकान्यात वाटप. लुगडं, जर्किन, कानटोपी हे थंडीचं वाटप आहे, यात कुणालाही शंका आली नव्हती. येणार कशी? आमच्याकडे डिसेंबरात निम्म्या म्हाताऱ्या मुलांची कंपनीची जर्किनं घालूनच फिरतात.

सेक्रेटरीही आले होते, पण त्यांची तक्रार वेगळी होती. घोडा बांधायला त्यांच्याकडे जागा नव्हती. त्याबदली कडबाकुट्टी मशीन मिळेल का, असं ते विचारत होते. शिवाय त्यांच्या पोटाचं माप त्यांना न विचारता कुणी कळवलं, हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आणि रांगेत दुसऱ्या नंबरला माझ्या सासूबाई. केसांना तेल, हिरवं लुगडं, वर जर्किन. कानटोपी तेवढी फोटोसाठी काढून हातात धरलेली.

स्कूटर स्टँडवर लावायचं मला सुचेना. शेवटी पुढे झाले आणि मोठ्याने सांगितलं, की ही सरकारी यादी नाही, माझी आहे. पुस्तकावर पिक्चर निघायचा आहे, त्यात कोण कुणासारखं दिसावं, एवढंच त्यात लिहिलंय. दुकानवाला स्टुलावरून उतरला. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, मग घोडा पिक्चरमध्ये तरी खरा का? मी हो म्हटलं. तेवढ्यात रांगेतली पहिली मावशी म्हणाली, "पर मॅडम, त्ये चेटकीण का शेतकरीण?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईही. वीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासणारी मी, भर चौकात, "शेतकरीण" म्हणाले. टायपिंगची चूक आहे, म्हणाले.

पिक्चरचं पुढे काही झालं नाही, तेही आत्ताच सांगून टाकते. रविवारी मी तुंगार्लीला गेले. गृहस्थांनी चहा दिला, यादी वाचली, चेटकीण जरा तरुण केली तर चालेल का असं विचारलं आणि कळवतो म्हणाले. आता तो बंगला शनिवार-रविवारच्या पर्यटकांना देतात. यादीतली शेवटची ओळ मात्र त्यांनी दोनदा वाचली होती. ती ओळ शनिवारी दुपारपर्यंत यादीत नव्हती.

त्या शनिवारी सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवून मी घरी आले. वाटेत त्यांनी कानटोपी परत घातली. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या. नवरा शिफ्टला निघायच्या तयारीत आत डबा भरत होता.

"चेटकीणच हाय ना गं ती?" त्या म्हणाल्या. "खिंडीतली."

खिंडीचं मी रांगेत काही बोलले नव्हते. यादीतही खिंड नव्हती. मी आत बघितलं. नवरा डब्याचं झाकण लावत होता.

"मी वाचून दाखवलं," तो म्हणाला. "सकाळी वेळ असतो. दोनदा झालं वाचून."

दोन वर्षांत दोनदा, आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता. मला त्याचा राग आला, आणि लाज तर इतकी वाटली की मी ओट्यावर न बसता खाली पायरीवर बसले. काहीतरी बोलायचं म्हणून सासूबाईंना विचारलं, "आत्या, मग रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

"तवा मला काय म्हाईत तुजी यादी हाय. नवं जर्किन मिळतंय म्हणले, म्हणून गेलते."

मला वाटलं आता भांडण होणार. झालं असतं तर सोपं गेलं असतं. त्या चुका सांगायला लागल्या. किल्ल्या त्या कमरेला लावत नाहीत, गळ्यात घालतात. त्यांनी त्या पोलक्यातून ओढून मला दाखवल्या. ढगाला शिव्या एकदाच दिल्या होत्या, भात खळ्यावर होतं तेव्हा, आणि कुणीही दिल्या असत्या. आणि गुळाचा वासबीस काही आला नव्हता, डब्याचं झाकण वाजलं होतं. पंचवीस वर्षं मी त्या वासाला भिऊन होते.

"बाकी समदं बराबर लिवलंस," त्या म्हणाल्या. "पर शेवटाला ती मरती, तवा समदं राज्य नाचतं. एक मानूस रडत न्हाई तिला. तेवढं मला लागलं."

ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं होतं. छान जमलं म्हणून वर चहाही केला होता.

"पिच्चरमदी एक बाई ठेव रडाया," त्या म्हणाल्या.

"कोण ठेवू?"

"कोन म्हंजी? तू. माज्यावरनं लिवलीस, मंग मी मेल्यावर तू नगं का रडाया?"

मी पर्समधून यादी काढली आणि सगळ्यांत खाली लिहिलं: रडणारी – मी. तिसरा रकाना मोकळा होता. वेशभूषा काय लिहू, असं मी त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्या पंजाबी ड्रेसकडे बघितलं आणि लुगडं लिही म्हणाल्या, असल्या कपड्यात कुणाला खरं वाटायचं नाही. मी लुगडं लिहिलं.

"आता रडून दाव."

मी म्हटलं, आत्या, काहीतरीच काय. तर म्हणाल्या, येतं का तुला ते तर बघू. मला हसू आलं. चांगली जोरात हसले मी, आणि हसता हसता मध्येच ते कुठेतरी फिरलं आणि मला खरंखुरं रडू फुटलं. ओढणी तोंडाला लावली तरी थांबेना. नवरा डबा हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याला शिफ्टला उशीर होत होता.

सासूबाईंनी जत्रेत तमाशाच्या तंबूत बसतात तशी मांडी ठोकली आणि मान तिरकी करून थोडा वेळ बघितलं.

"जरा मोट्यानं," त्या म्हणाल्या. "मागं बसल्याल्यांना बी ऐकू गेलं पायजे."