मॉनिटरची काडी

आबांना मोजायचा टेप वापरता येत नव्हता असं नाही, त्यांचा टेपवर विश्वास नव्हता. माझे वडील, आबा, अमळनेरला सुतारकाम करायचे. कपाटात किंवा टेबलावर जी वस्तू ठेवायची तिच्याजवळ स्वतः जायचं, तिला हात लावायचा, बांबूची काडी लावून काडीवर खाच पाडायची, ही त्यांची रीत. काम पोचतं झालं की ती काडी मोडायचे. एका कामाचं माप दुसऱ्या कामात मिसळू नये म्हणून.

नव्वदनंतर बैलगाड्यांची कामं बंदच झाली. आबा दारात बसून राहायचे. कोणी बाजेचा मोडका पाय घेऊन आलं तर तेवढ्यानेही त्यांना तरतरी यायची. त्याच सुमाराला मला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची नोकरी लागली. धुळीने मशीन बिघडतं म्हणून मालकांना दाराची लाकडी पेटी असलेली टेबलं हवी होती. मी आबांचं नाव सुचवलं. पहिलं टेबल पसंत पडलं तर आणखी पाच. आबा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

"मी येस नं, हात लाईसन देखस," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः येऊन हात लावून बघावं हे मला नको होतं. क्लासात चपला बाहेर काढून, पाय पुसून जायचं, मुलं इंग्रजीत बोलायची, आणि तिथे हे गुडघ्यापर्यंतच्या धोतरात, अंगावर भुसा. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. "आबा, मीच माप आणते, तुम्ही कशाला दगदग करता," असं मी गोड आवाजात म्हटलं. त्यांनी काडी माझ्या हातात दिली.

मॉनिटर नुकताच खोक्यातून काढला होता. मी काडी उभी धरली, वरच्या कडेला बॉलपेनने खूण केली. खाली बसवायचा गोल स्टँड अजून थर्मोकोलमध्येच होता. त्याला वेगळं बसवायचं असतं हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा ते डोक्यातच आलं नाही. शिकवणारी मी!

आबांनी पंधरा दिवस खपून टेबल केलं. सागाची पेटी, दार इतकं नेमकं बसवलेलं की हवाही आत जाऊ नये. टेबल क्लासात नेलं. तोवर मॉनिटर स्टँडवर चढला होता. मालकांनी तो उचलून पेटीत सरकवला आणि वरची कड फळीला आपटली.

"आबा, वय झालं आता," मालक हसत म्हणाले. मुलंही हसली.

आबांनी कमरेची काडी काढून पेटीत उभी केली. माप चोख होतं, वर बोटभर जागा सोडलेली. मग वाकून त्यांनी स्टँडला बोटं लावली. चार बोटं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरचं कव्हर नीट करत होते. ते नीटच होतं.

"मनीच चूक शे, भाऊ," आबा मालकांना म्हणाले. "डोयास्ले आते बरोबर दिसत नही."

उरलेली पाच टेबलं जळगावहून आली, लोखंडी. आबांची दृष्टी गेली ही बातमी गावात पसरायला आठवडाही लागला नाही. त्यानंतर बाजेचा पायसुद्धा कोणी आणला नाही. आबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी एकदा रागवावं म्हणून मी वाट पाहत राहिले आणि रागावले नाहीत म्हणून मनात त्यांच्यावरच चिडत राहिले. ते टेबल घरी आलं, त्या पेटीत त्यांची औषधं राहू लागली.

आबा गेल्यावर ती पेटी मी रिकामी केली. मागच्या कोपऱ्यात काडी उभी होती. मोडलेली नव्हती. माझ्या खुणेवर पाडलेली खाच होती, आणि तिच्या वर आणखी एक. मी बोटं लावून पाहिली. चार बोटं.

नवीन माप त्यांनी काढून ठेवलं होतं. क्लासात जाऊन मी एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी, आबांना पुन्हा करू द्या. मी त्या क्लासात पुढे तीन वर्षं शिकवत होते.