सेइनीची गोळी आणि अर्ध्या गावाची आत्या

हं, तर सेइनीने फोन चटईवर आपटला, इथवर आलो होतो आपण. काल तुम्ही कावा, आमचा तो मुळीचा गुंगीचा काढा, पिऊन घोरायला लागलात, म्हणून राहिलं.

सेइनी म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. ऑकलंडच्या एका विद्यापीठात औषधशास्त्र शिकवते. मी इथे टोंगाच्या हापाई बेटांवरच सहावीपर्यंत शिकलो, तीही दोनदा! तर हिचं काम असं, की औषध नुसतं चांगलं असून भागत नाही, ते घेऊन माणसाचं खरंच भलं झालं का, हे बघायचं. ब्लड प्रेशरच्या एका नव्या गोळीसाठी तिने बापाचं गावच निवडलं. म्हणाली, "परक्याला लोक खरं सांगत नाहीत, मामा. मला सांगतील."

वर्षभर येऊन-जाऊन होती. लोकांना गोळ्या द्यायची, दंडाला पट्टा बांधायची, विचारायची, "रोज घेतोस ना?" सगळ्यांचं एकच, "रोज, आत्या!" बापाकडून ती अर्ध्या गावाची आत्या ना, गोळ्याही त्यांनाच दिलेल्या; आणि आमच्यात आत्याचा मान सगळ्यांत मोठा. आणि प्रेशर? जिथल्या तिथे. नारळाच्या झाडाला पट्टा बांधला असता तरी एवढाच फरक पडला असता.

फोनवर तिचे साहेब म्हणाले, लिहून टाक, या लोकांना ही गोळी लागू पडत नाही. तसं लिहिलं की इथलं सरकार गोळी मागवणार नाही. संपलं.

"सगळीकडे लागू पडते, मामा! मग इथेच काय धाड भरली?" पोरगी रडकुंडीला आली होती. तिचं प्रोफेसर होणंही याच कामावर अडलेलं.

"आधी जेव," मी म्हटलं.

"तुला जेवणाशिवाय काही सुचतं का रे?"

रविवार होता. चर्चहून सगळे आले, भुईतली भट्टी उघडली. पहिलं पान आत्याचं. मोठ्यात मोठं कोनफळ, डुकराचा पाठीचा तुकडा. मग तिचा भाचा फेलेती पुढे सरकला. पन्नाशीचा गडी, पण आत्यापुढे मान खाली. केवड्याच्या पानांची नवी टोपली त्याने तिच्यासमोर ठेवली. आत काठोकाठ गोळ्यांची पाकिटं!

"हे काय रे?"

"तुझा वाटा, आत्या. घरात चांगलं काही आलं, की त्यातलं आत्याचं आधी काढायचं. एक दिवस मी घ्यायचो, एक दिवसाची तुझी. सगळ्या घरांनी काढलीय."

"अरे, मी दर वेळी विचारत होते, रोज घेतोस ना! तू हो म्हणायचास!"

"मग? आत्याला तोंडावर नाही म्हणू? माझा बाप कबरीतून उठून मारेल मला."

मला हसू आवरेना. कोनफळाचा घास नाकात गेला. सेइनीने डोकं धरलं. जेवली नाही. बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला, सांगितलं, लिहिणार नाही, माझं वर्ष वाया गेलं, माझ्याच चुकीने. आत आली ती भांडायच्याच तयारीत.

मी डोळे पुसत विचारलं, "मग आता काय करणार गं?"

ती म्हणाली, "पहिल्यापासून करणार, दुसरं काय! आणि या वेळी विचारायला तू जायचंस, मामा. तुला नाही म्हणायला या गावात कुणालाच जड जात नाही."