दातांवरचं इनॅमल

आमच्या घरात इनॅमल हा शब्द बाबांच्या दुकानातून आला. राजुऱ्याजवळच्या आमच्या गावात बाबा शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. त्यांच्या तांब्याच्या तारेवर एक पातळ, चकचकीत थर असायचा. ते इनॅमल. तो थर खरचटला की मोटार जळते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पुढे दाराला लावायच्या रंगाच्या डब्यावर तोच शब्द दिसला. आत्याकडच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या थाळ्याही इनॅमलच्याच निघाल्या. दातांवरही ते असतं, हे मात्र ताईमुळे कळलं.

ताईचे पुढचे दात तपकिरी होते, मधे खडूसारखे पांढरे पट्टे. गावात कितीतरी पोरांचे तसेच, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नसे. मग तिला पाहायला आरमोरीकडचे पाहुणे आले. चहा झाला. मुलाची आई ताईकडे बघत म्हणाली, "पोरगी खर्रा खाते का?"

ताईने तंबाखू-सुपारीला कधी हातही लावला नव्हता. आई गडबडली. "नाई वो बाई, लहानपणापासूनच असे हायेत तिचे दात."

पाहुण्यांनी माना हलवल्या. निरोप आलाच नाही. ताई त्यानंतर घरातसुद्धा मोजकंच बोलायला लागली.

बाबांनी तिला चंद्रपूरला दाखवायला नेलं, मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी दात तपासले आणि आधी पाण्याचंच विचारलं. हातपंपाचं पितो, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात फ्लोराइड जास्त असणार. दात तयार होतानाच इनॅमल बिघडलंय."

"वरचा थर ना? मंग तो काढून नवा चढवता नाई येत?" बाबांनी विचारलं.

"वरून पांढरं आवरण बसवता येईल. पण स्वतःचं इनॅमल पुन्हा येत नाही."

बाबांनी आवरणाचा खर्च विचारून घेतला. आमच्या थोरल्या भावाची, दादाची, मुलगी तेव्हा वर्षाची होती. परतताना एसटीत ताईच बोलली.

"मले आवरण नको, बाबा. दादाच्या पोरीले तेच पाणी पाजून राह्यलो आपण. पहिले ते पाहा."

गावाबाहेरची जुनी विहीर हातपंप आल्यापासून पडून होती. बाबांनी चार जणांना घेऊन ती उपसली. पाणी तपासून आणलं, चांगलं निघालं. पण विहीर लांब आणि हातपंप दाराशी. बायका काही तिकडे फिरकेनात.

मग ताई सकाळी हातपंपाजवळ जाऊन उभी राहायला लागली. कडेवर मूल घेऊन कुणी आली, की ही ओठ वर करून दात दाखवायची. "हे पाहा, काकू. तुमच्या पोरीचे असे पाह्यजेत का?"

एकदोघी हसल्या. एक रागावली. एक मात्र पाण्याचा रिकामा गुंड उचलून तशीच विहिरीकडे वळली, आणि हळूहळू बाकीच्याही. शेवटी बाबांनी विहिरीवर मोटार बसवून पाणी गावात आणलं.

हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराइड हाडांतही उतरतं, हे आम्हाला उशिरा कळलं. बाबांची मान आखडली, पाठ वाकली, दुकान बंद झालं. ताईचं लग्न धानोऱ्याला जमलं. जीप निघाली तेव्हा बाबांना नुसती मान वळवता येईना. ते सगळ्या अंगानिशी वळले आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.