दातार बाई आणि कबड्डीचं कॉलेज

दातार बाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी रोह्याच्या मैदानावर पंच म्हणून उभा होतो. सामना संपवून पेणला पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं... त्याला आता दीड महिना होईल.

पेणच्या आमच्या कॉलेजात बाई रसायनशास्त्र शिकवत आणि मी खेळ. कॉलेज नवं, त्याला कोणी ओळखत नव्हतं. मुलींच्या कबड्डी संघाने लागोपाठ कप आणले, पेपरात फोटो आले आणि प्रवेशाला रांग लागली. प्राचार्य खूश होते. बाई एवढंच म्हणाल्या, "नाव झालं, पण कबड्डीचं. कॉलेजचं अजून व्हायचंय." मला ते लागलं होतं.

पुढच्या वर्षी रोह्यातला अंतिम सामना आणि बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच दिवशी आली. कर्णधार वनिता शेवटच्या वर्षाला होती. जिते गावाकडची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. परीक्षकांना सांगून तारीख बदलू, असं प्राचार्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षी तापाने फणफणलेल्या मुलीला मी तारीख दिली नाही. हिला का द्यायची? कप आणते म्हणून?" प्राचार्यांनी तारीख तशीच ठेवली.

वनिता दारातच उभी होती. "बाई, मी रोह्याला जाणार. पोरी माझ्या भरवशावर हायत."

"जा. पण नापास होशील."

"व्हय, ठाऊक हाय."

संघ जिंकला. पेणमध्ये मिरवणूक निघाली आणि वनिताचं वर्ष गेलं. गाव बाईंवर चिडलं, काही जणांनी बोलणंही टाकलं. बाईंनी कोणाला खुलासा दिला नाही. मात्र त्या महिन्यापासून सरावानंतर खेळाडू मुलींसाठी त्या प्रयोगशाळा उघडी ठेवू लागल्या. पहिली आली ती वनिताच, तीही रागातच. कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायची. पुढच्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली. डोलवीच्या बाजूला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली, तर साहेबांनी कॉलेजचं नाव वाचून विचारलं, "म्हणजे ते कबड्डीवालं?"

"व्हय," ती म्हणाली, "पण काम देऊन बघा ना."

त्यांनी तिथल्या तिथे एक नमुना तपासायला दिला. नोकरी मिळाली.

तारीख बदलायला हवी होती, असं मला आजही वाटतं. निवृत्तीनंतरही बाईंच्या घरी चहा घेताना आमचा हा वाद व्हायचा. मैदानामुळेच मुली कॉलेजात आल्या, हे त्या मान्य करायच्या. त्यापुढे मात्र तसूभर हटायच्या नाहीत... वाद तसाच राहिला.

नव्या प्राध्यापकांनी ती संध्याकाळची बॅच चालू ठेवली आहे. गेल्या आठवड्यात मी तिकडे डोकावलो. गुडघ्याला माती लागलेली एक मुलगी खेळाच्या कपड्यांवरच ॲप्रन चढवून ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत उभी होती. उद्या सराव लवकर आहे, असं मी दारातून सांगू लागलो.

तिने मान वळवली नाही. "थांबा सर... रंग बदलतोय."

मी थांबलो.